सामंतांचा कावळा

गुरुदत्त सामंत आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आले, तेव्हा त्यांच्या सामानात एक लोखंडी कपाट होतं. चार माणसांनी ते धापा टाकत उतरवलं आणि आतल्या खोलीत भिंतीला बोल्ट मारून बसवलं. मी वरून पडदा जरा बाजूला करून बघत होते. एकट्या माणसाला एवढं जड कपाट कशाला, असं मी सुधीरला विचारलं. तो म्हणाला, असतील कागदपत्रं. जर्मनीत कागदपत्रांना कपाट लागतंच हे खरं, पण त्याला कुणी बोल्ट मारत नाही.

आमचं गाव वोल्फ्सबुर्गपासून बसने पाऊण तासावर. एक रस्ता, एक बेकरी, एक चर्च आणि चहूकडे शेतं. सुधीर गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. इतकी वर्षं आम्ही इथे आहोत, पण गावात मराठी माणूस म्हणजे आम्हीच. त्यामुळे ईस्टरच्या सुमाराला खाली मराठी शेजारी आला याचा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी त्यांना पहिल्या दिवसापासून सामंत म्हणायला लागले. ते मात्र लगेच वहिनी म्हणायला लागले.

सामंत कुडाळजवळचे. पन्नाशी ओलांडलेले, काटक, बोलायला कमी, हसले तर आवाज नाही. मोटारीच्या दारांचे पत्रे ज्यात दाबतात ते साचे बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात ते काम करत. लग्न केलेलं नाही. गावी आई होती, ती करोनाच्या काळात गेली, एवढं मला सुधीरकडून कळलं. माणूस स्वच्छ. जिना धुवायची त्यांची पाळी असली की पायऱ्यांच्या कडासुद्धा ब्रशने घासायचे. आमचा कचऱ्याचा डबा आमच्याआधी रस्त्यावर नेऊन ठेवायचे. दोष काढायला जागाच ठेवत नव्हते, आणि मला नेमका त्याचाच संशय यायचा.

कपाटात काय आहे ते ऑगस्टच्या शेवटी कळलं. एका शनिवारी पहाटे ते हिरवं जाकीट, हिरवी टोपी आणि हातात लांबट पिशवी अशा थाटात गाडीत बसले. दुपारी आले तेव्हा बाहेरच्या नळावर बूट धूत बसले होते आणि बाजूला राखाडी पिसं पडली होती. मी सुधीरला खाली पाठवलं. सामंतांनी काही लपवलं नाही. त्यांच्याकडे याग्डशाइन होतं, म्हणजे शिकारीचा परवाना, आणि कपाटात छऱ्याच्या दोन बंदुका. कायद्यानेच त्या तशा कपाटात ठेवाव्या लागतात.

हा नाद कसा लागला तेही त्यांनी सुधीरला सांगितलं. जर्मनीत आल्यावर पहिली काही वर्षं त्यांना रविवारी कुणी हाकही मारत नसे. कारखान्यातला त्यांचा मुकादम, विटकोप नावाचा, एकदा म्हणाला, आमच्याकडे सशांच्या शिकारीला हाकारे घालायला माणसं कमी आहेत, येतोस का. सामंत गेले. थंडीत, चिखलात, हातात काठी घेऊन रांगेत ओरडत चालायचं. शेवटी सगळ्यांबरोबर वाटाण्याचं गरम सूप. पुढच्या वर्षी परत बोलावलं. मग त्यांनी परीक्षा द्यायची ठरवली. झाडं, पिसं, जनावरांचे रोग, कायदा, सगळं जर्मनमध्ये. इथले लोक त्या परीक्षेला थट्टेने हिरवी बारावी म्हणतात. सामंत एकदा नापास झाले, दुसऱ्यांदा पास. आता विटकोप, एक औषधांच्या दुकानाचा मालक, एक छपरं घालणारा आणि सामंत अशी चौकडी कापणी झालेल्या शेतात होले मारायला जायची. होले म्हणजे कबुतरांचेच भाऊबंद, इथले ते थोराड, मानेवर पांढरा डाग असलेले. शेतकऱ्याची नुकसानी टळते आणि यांची हौस भागते.

हौस म्हणे. आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. रोज सकाळी देवाला दिवा लावून मी आधी पक्ष्यांना मूठभर तांदूळ ठेवते आणि मग चहा घेते. त्याच घराच्या खालच्या मजल्यावर बंदुका.

हॅनोव्हरच्या आमच्या मंडळातल्या शुभाला मी फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "सामंत ना? मासे खाणारे ते. पक्ष्यांवर कधीपासून आले? एकटा माणूस, लग्न नाही, घरात बंदूक. ऊर्मिला, कडी नीट लावत जा गं." ती हसत बोलली, पण मी कडी नीट लावायला लागले.

आता सुधीरचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

माझ्या सासूबाई गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात साताऱ्याला वारल्या. बातमी आली तेव्हा सुधीर निघाला, पण विमान चुकलं, पुढचं उशिरा मिळालं, आणि तो पोचला तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवला. कावळा येईना. झाडावर ढिगाने बसलेले, पण खाली एक उतरेना. धाकट्या दिरांनी सांगितलं, बाबांना सांभाळीन. जाऊबाईंनी सांगितलं. सुधीरने सांगितलं, पण काय सांगितलं ते त्याने मला आजवर सांगितलेलं नाही. ऊन चढलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. शास्त्रात ती सोय आहे. पण सुधीरच्या मनाला ती सोय पुरली नाही. आई माझ्यावर रागावून गेली, हे त्याने डोक्यात घेतलं ते घेतलंच. इथे परत आल्यावर तो जेवताना मध्येच थांबायचा. आता वर्षश्राद्ध झालं होतं आणि पितृपक्ष आला होता. तो मला म्हणाला, "या वेळी खरा कावळा शिवला पाहिजे, ऊर्मिला. गवताचा नको."

मी म्हटलं, शिवेल की. आमच्या परसात मोठं अक्रोडाचं झाड आहे आणि त्यावर दर वर्षी कावळे असतात. इथले कावळे अगदी काळेभोर, आपल्याकडच्यांसारखी राखाडी मान नाही, पण कावळे ते कावळेच. आजेसासऱ्यांच्या नावाने मी दर पक्षात घास ठेवायचे आणि ताट पुरतं मांडायच्या आत उचलला जायचा.

या वर्षी गणपती येऊन गेले तोवर अक्रोडाचं झाड रिकामं झालं होतं. अक्रोड पिकून खाली पडत होते, एरवी त्यांच्यासाठी कावळ्यांची भांडणं चालतात. शेजारच्या घरांच्या छपरांवर कावळे होते. चर्चवर होते. आमच्या परसात एक नाही.

नवमीला आईंची तिथी होती. सुधीरने रजा घेतली. मी पहाटे उठून खीर, वडे, भोपळा, आमसुलाची चटणी असा सगळा स्वयंपाक केला. आळू मिळत नाही म्हणून मांगोल्ड नावाच्या इथल्या पालेभाजीच्या पानांची भाजी केली. कोबीच्या मोठ्या पानावर घास वाढला आणि परसातल्या टेबलावर ठेवला. सुधीर हात जोडून उभा राहिला. दुपार झाली. भाताला वरून साय आल्यासारखं झालं. एक कावळा समोरच्या गॅरेजच्या छपरावर आला, आमच्या दाराकडे बघितलं आणि उडून गेला. सुधीरने पान उचललं आणि गावाजवळच्या कालव्यात सोडून आला. रात्री जेवला नाही.

दारात सामंतांची हिरवी गाडी उभी होती. कावळ्याने तिच्याकडेच बघितलं होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

त्यानंतर मी सामंतांवर नजर ठेवायला लागले. हे लिहिताना मला संकोच नाही, कुणीही ठेवली असती. केलरमध्ये, म्हणजे तळघरात, कपडे धुवायचं मशीन दोन्ही घरांचं मिळून आहे. शुक्रवारी मी धुणं लावायला उतरले तर सामंतांची जाळीची पिशवी भिंतीशी पडली होती. आत प्लास्टिकचे होले होते, एकावर एक रचलेले, डोळे रंगवलेले. शेतात ते मांडायचे, खऱ्या होल्यांना वाटतं आपलेच भाऊबंद चरतायत, आणि ते उतरतात. हे फसवणुकीचं प्रकरण मी ऐकून होते. पण पिशवीच्या तळाशी एक प्लास्टिकचा कावळा होता. मी तो बाहेर काढला, हातात धरून तशीच उभी राहिले आणि मग धुण्याच्या टोपलीत घालून वर नेला. होल्याने होला बोलावतात, तर कावळ्याने काय बोलावत असतील ते सांगायला हिरवी बारावी नको.

शनिवारी सकाळी ते गेल्यावर मी शाल घेऊन शेताच्या वाटेला लागले. सुधीरला सांगितलं बेकरीत जाते. लांबून बार ऐकू येत होते, मग थांबले. मी कुंपणाच्या झुडपांशी पोचले तेव्हा ते चौघे शेताच्या कडेला उभे होते. जमिनीवर देवदाराच्या जातीच्या कुठल्यातरी झाडाच्या हिरव्या डहाळ्या अंथरल्या होत्या आणि त्यावर होले ओळीने मांडलेले, सगळ्यांची डोकी एका बाजूला. ओळीच्या शेवटी कावळे होते. तीन. विटकोपने शिंग तोंडाला लावून काहीतरी संथ वाजवलं आणि सगळ्यांनी टोप्या काढल्या. सामंतांनीही. नंतर औषधवाल्याला पलीकडे जायचं होतं, तर तो ओळ ओलांडून न जाता पूर्ण वळसा घालून गेला. आपण झोपलेल्या मुलाला ओलांडत नाही, तसं. ते बघून मी जरा गोंधळले. पण कावळे तीन होते, हे काही खोटं नव्हतं.

दुपारी सामंत नळावर बूट धूत होते. मी प्लास्टिकचा कावळा घेऊन त्यांच्यासमोर गेले. सुधीर माझ्यामागून जिन्यात आला होता, ते मला माहीत नव्हतं.

"सामंत, हे काय आहे?"

"कावळा," ते म्हणाले.

"ते मला दिसतंय. कशाला लागतो?"

त्यांनी नळ बंद केला. "होल्यांसाठी. होले मांडले की जरा बाजूला एक कावळा ठेवायचा. कावळा फार संशयी असतो, वहिनी. तो निवांत बसलाय म्हटल्यावर होल्यांना वाटतं, इथे धोका नाही."

"आणि आज सकाळी ओळीत खरे होते ते?"

मी तिथवर गेले होते हे त्यांना तेव्हा कळलं. पण त्यांनी त्याबद्दल काही विचारलं नाही. म्हणाले, "ते माझे नाहीत. विटकोपचे आणि त्या छपरवाल्याचे. मी कावळ्यावर बंदूक धरत नाही."

"मला कसं खरं वाटावं?"

"कावळ्यांना तरी कुठे वाटतं," सामंत म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं ते मी थोडक्यात लिहिते. कावळा माणसाचा चेहरा लक्षात ठेवतो. ज्या जाळीच्या आडोशाला सामंत बसतात तिथूनच विटकोपचा बार निघतो. वरून बघणाऱ्या कावळ्याला बार कुणाचा ते कळत नाही, त्याला आडोशातली सगळी तोंडं सारखीच गुन्हेगार. त्यांनी सामंतांना बघितलं, गाडी बघितली, ती गाडी रोज कुठे उभी राहते तेही बघितलं. म्हणून अक्रोडावर बसत नाहीत. नवमीला आमच्याकडे काय आहे हे सामंतांना वासावरून कळलं होतं, म्हणून ते दिवसभर घराबाहेर राहिले होते, बसने गेले होते. पण गाडी दारात राहिली, ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

मला राग यायचा होता तेवढा आला नाही, म्हणून मी थोडा आणला. म्हटलं, आधी सांगायला तोंड नव्हतं का. ते म्हणाले, काय सांगू, की माझ्यामुळे तुमच्या आई येत नाहीत?

जिन्यातून सुधीर बोलला. "उद्या सर्वपित्री आहे. उद्या शेवटचं."

सामंतांनी त्याच्याकडे बघितलं. मग माझ्या हातातल्या कावळ्याकडे. म्हणाले, गाडी आजच विटकोपच्या आवारात लावून येतो. सकाळी मीही सायकलने कालव्याकडे निघून जातो. आणि हा कावळा कुंपणाच्या खांबावर ठेवा.

मला ते अजिबात पटलं नाही. मी स्पष्ट बोलले. "शिकारीला बोलावता तसं आईंना बोलवायचं?"

"कुणाला बोलवायचं ते तुम्ही बोलवा, वहिनी. हा फक्त भीती घालवतो."

सुधीर म्हणाला, त्याला खोटा कावळा नको आहे, एकदा झालाय. सामंत म्हणाले, शिवायला खराच येईल, आला तर. हा नुसता सोबतीला.  मग सुधीरने माझ्या हातातून तो कावळा घेतला आणि त्याच्यावरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसली.

मी वर जायला वळले तेव्हा सामंत म्हणाले, "वहिनी, तुम्ही पान ठेवाल तेव्हा शेजारी एक घास माझ्या आईच्या नावाने ठेवाल का? मी दर वर्षी ठेवतो. मी ठेवला की कुणी येत नाही."

मी हो म्हटलं. सर्वपित्रीला कुणाच्याही नावाने घास मागितला तर नाही म्हणता येत नाही. पण मनात आलं ते लिहिते: हा माणूस आपलं काम आमच्या हातून करून घेतोय. आईचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

रविवारी सकाळी मी परत सगळा स्वयंपाक केला. कोबीची दोन पानं वाढली. सुधीरने टेबल धुतलं. प्लास्टिकचा कावळा कुंपणाच्या खांबावर, टेबलापासून हातभर अंतरावर बसवला. सामंतांच्या आईचं पान त्या बाजूला आलं, आमचं अलीकडे. दारात गाडी नव्हती, खाली चिटपाखरू नव्हतं. सुधीरने दक्षिणेकडे तोंड करून पाणी सोडलं, हात जोडले, ओठ हलले. आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या खिडकीत येऊन उभे राहिलो.

कावळा आधी गॅरेजच्या छपरावर आला. मग अक्रोडावर. तिथे बसून त्याने मान वाकडी करून खांबावरच्या कावळ्याकडे बराच वेळ बघितलं. मग तो टेबलाच्या कडेला उतरला, दोन उड्या मारल्या आणि आईंच्या पानातला वडा उचलला. तिथेच ठेवला, फोडला, खाल्ला. मग भातात चोच घातली.

 सुधीरने खिडकीचं हँडल धरून ठेवलं होतं, ते सोडलं. बाहेर जाऊन त्याने जमिनीला डोकं टेकलं आणि परत आला तेव्हा उजव्या पायात डावी चप्पल होती. मी त्याला पाणी दिलं. तो म्हणाला, भूक लागली आहे.

पण दुसरं पान तसंच होतं. वडा संपल्यावर कावळा त्या बाजूला सरकला होता. खांबावरच्या कावळ्याच्या अगदी जवळ गेला, शेपटीला एक टोच मारली आणि प्लास्टिक वाजल्याबरोबर उडाला तो अक्रोडाच्या शेंड्यावर. आता तिथून हलायला तयार नव्हता. लांबून बघितलं तोवर चाललं. जवळून त्याला कळलं.

सुधीर म्हणाला, आपण जेवू या, त्यांचंही येईल कधीतरी. मी म्हटलं, तू बस, मी आले. घास माझ्या हाताने ठेवलेला होता. आणि मला दिसत होतं की आमच्या पानासाठी जो कावळा उपयोगी पडला तोच त्या माउलीच्या पानाला आडवा आला होता. सामंतांना फोन करून काय सांगू, तुमचा कावळा आमच्यासाठी चालला, तुमच्यासाठी नाही?

मी परसात गेले. प्लास्टिकचा कावळा खांबावरून काढला आणि बादलीत घालून वर पोतं टाकलं. मग पानासमोर उभी राहिले. घाटावर अशा वेळी लोक सांगतात, अमक्याला सांभाळीन, तमकीचं लग्न करून देईन. मी काय सांगणार? बंदूक सोडायला लावीन म्हणावं तर ती माझी नाही, आणि खोटं बोलायची ही जागा नव्हे. वरून कावळा माझ्याकडे बघत होता. सहा महिने मी पडद्याआडून बघितलं तसाच.

मी हात जोडले. मोठ्याने म्हटलं, "आई, तुमचं नाव मी विचारलं नाही, चुकलं. तुमच्या गुरुदत्तला मी परका समजणार नाही. सणावाराला माझ्याकडे जेवेल. कडी लावणार नाही."

शेवटचं वाक्य तोंडातून कसं गेलं मला माहीत नाही. कडीचं त्या बाईला काय कळणार. पण माझ्या डोक्यात तेच होतं, म्हणून तेच आलं.

मी दारापर्यंत पोचले नव्हते, मागे पंख वाजले. वळून बघितलं तर खिरीत चोच होती. तो मघाचाच कावळा की दुसरा, हे मला सांगता येणार नाही. खांब मोकळा झाला म्हणून उतरला, की आणखी कशाने, तेही नाही. मी तिथेच उभी राहिले, त्याचं होईपर्यंत.

मग सामंतांना फोन लावला. तिकडून वाऱ्याचा आवाज येत होता, कालव्याच्या काठावर असणार.

"भावोजी, जेवायला या. पानं वाढते."

 त्यांनी आधी सुधीरचं विचारलं. "सुधीररावांचं झालं?"

"दोन्ही झालं."

 फोन बंद झाला असं मला वाटलं. मग ते म्हणाले, "आईचं नाव सुमन. तुम्ही विचारलं नव्हतं म्हणून सांगतो." आणि फोन ठेवला.

मी तीन पानं घेतली. सुधीर न बोलावता स्वयंपाकघरात येऊन लिंबं चिरायला लागला. थोड्या वेळाने सायकल कुंपणाला टेकल्याचा आवाज आला आणि फाटक वाजलं. त्याबरोबर अक्रोडावरचा कावळा ओरडून उठला आणि चर्चच्या दिशेने गेला. मी खिडकीतून बघत होते. भावोजींनी मान वर केली नाही. त्यांनी बूट काढले, पायरीवर नीट जोडून ठेवले, हातपाय धुतले आणि वर आले.

दार उघडंच होतं. मी खिरीचा पहिला डाव त्यांच्या पानात घातला.